हाकेला दचकणारा काजळ्या

फार पूर्वीची गोष्ट, पण माणसं स्वतःला शहाणी समजत होती त्याच काळातली. एका नदीकाठच्या माळावर एक धनगरीण राहत होती. तिच्याजवळ काजळ्या नावाचा कुत्रा होता. धनगरांच्या रीतीप्रमाणे तो पिल्लू असल्यापासून कोकरांच्या कुंपणातच वाढलेला. त्यामुळे काजळ्या जाईल तिकडे कोकरं जात. आईपेक्षा त्यांचा त्याच्या शेपटीवर जास्त भरवसा.

काजळ्यात खोट एकच. ससा दिसला की सुटायचा. धनगरीण हाका मारमारून घसा कोरडा करायची. मग तो जीभ लोंबवत, शेपूट हलवत परत यायचा, आणि आला रे आला की ती त्याच्या पाठीत काठी घालायची.

"बघा, माझ्या हाकेला कसा दचकतो!" ती चारचौघांत सांगायची. दचकणं म्हणजेच ऐकणं, असं मानणाऱ्यांना कधी तोटा होता?

तिची धाकटी जाऊ मात्र काजळ्या जवळ आला की भाकरीचा तुकडा द्यायची, कान कुरवाळायची आणि पुन्हा मोकळा सोडायची.

"लाडानं कुत्रं डोक्यावर बसतं गं," धनगरीण म्हणाली.

"डोक्यावर बसायला आधी जवळ तर येईल, आक्का! ससा सोडून आला तेव्हा तुम्ही हाणलंत. त्याला काय कळलं? आक्काजवळ जाऊ नये, एवढंच कळलं."

"तुला बरं कुत्र्याच्या मनातलं कळतं! मागल्या जन्मी शेपूट होतं वाटतं?"

जाऊ हसली आणि भाकरी थापू लागली. धनगरिणीला मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट दिसायला लागली. हाक मारली की काजळ्या थांबायचा, पण यायचा नाही. काठी पोचणार नाही इतकं अंतर राखून उभा राहायचा.

एके दुपारी जाऊ बाजाराला गेली होती. धनगरीण एकटीच होती. कोकरं काजळ्यामागे नदीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर कोवळं गवत खायला गेली. अलीकडे घोटाभर पाणी, पलीकडे खोल डोह. वरच्या अंगाचे डोंगर पावसानं काळे पडलेले दिसत होते. धनगरिणीची नजर पाण्यावर गेली. निवळशंख पाणी गढूळ झालं होतं. त्यावरून पाचोळा आणि काटक्या वाहत येत होत्या. मागून लोंढा येत होता.

"काजळ्या! ये! ये इकडं!"

काजळ्यानं कान पाडले. तो हलला नाही. ती काठी सावरत पाण्यात शिरली, तसा तो मागे सरला. त्याच्यामागे कोकरं सरली, डोहाकडे. ती आणखी एक पाऊल पुढे, ती सगळी आणखी एक पाऊल मागे.

"अरे मुडद्या, मरशील! ये!"

भीतीनं तिचा आवाज चिरकला होता. पण भीती आणि राग एकाच गळ्यातून निघतात, कुत्र्याला त्यातला फरक कसा कळावा?

ती थांबली. काठी तिनं लांब भिरकावून दिली, त्याला दिसेल अशी. मागे फिरून काठाच्या ओल्या वाळूत फतकल मारून बसली आणि पदरातली भाकरी मोडली. "ये रे माझ्या राजा," ती म्हणाली. जिभेला सवय नव्हती, शब्द अडखळले.

काजळ्यानं एक पाऊल टाकलं.

"शाब्बास!" तिनं तुकडा फेकला. त्यानं हुंगला, खाल्ला. आणखी एक पाऊल, आणखी एक शाब्बास. पाणी कोकरांच्या पोटाला लागलं. किंचाळावंसं वाटत होतं, ती किंकाळी तिनं गिळली. काजळ्या अगदी हाताशी आला आणि सवयीनं तिचा हात आपोआप वर गेला.

काजळ्या जमिनीला चिकटला. त्याचं तोंड पुन्हा डोहाकडे वळलं. कोकरं भर धारेत थबकली.

उचललेला हात धनगरिणीनं हळूहळू खाली आणला, त्याच्या हनुवटीखाली धरला आणि उघडला. त्यात भाकरी होती. "आलास रे बाबा. आलास."

काजळ्या काठ चढला. मागोमाग कोकरं चढली. शेवटचं तेवढं त्या थबकण्यात मागे राहिलं. तेवढ्यात लोंढा घोंघावत आला. ते कोकरू पुन्हा दिसलं नाही.

सांजेला जाऊ परतली. "काजळ्या आला का हाकेला?"

"आला. उशिरा आला. आणि उशीर त्याचा नव्हता." एवढं बोलून धनगरीण त्या कोकराच्या आईला जवळ घेऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून ती विनाकारण हाक मारू लागली. आला की तुकडा, शाबासकी, आणि जा खेळ. ससा अर्ध्यात सोडून आला तर सगळ्यात मोठा तुकडा. पुष्कळ दिवसांनी काजळ्या पहिल्या हाकेला धावत येऊ लागला. तरी पदर सावरायला तिनं हात उचलला की त्याचे डोळे अजूनही मिटत. मग ती हात तसाच ठेवून थांबायची, तो डोळे उघडेपर्यंत.

तात्पर्य: बोलावल्यावर जो आला, त्याला आधी जवळ घ्या, मग त्याची चूक केवढीही असो. मारून शिकवलेला जीव मारणाऱ्यापासून लांब राहायलाच शिकतो. पोरांचंही तसंच असतं, हे वेगळं सांगावं लागू नये.