वस्तादांची पाठ

"आंधळ्यानं कुस्ती खेळायची, वस्ताद?"

बाळगोंडानं हे रागानंच विचारलं. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. तालमीला चुना मारताना वस्ताद नको नको म्हणत असतानाही गडी स्वतःच शिडीवर चढला आणि अर्धी बादली तोंडावर घेऊन खाली आला. नजर वाचली, हे नशीब. डॉक्टरांनी पंधरा दिवस पट्टी सांगितली होती.

"पट्टी सुटू द्या, मग उतरतो. पंधरा दिवसानं काय बिघडतंय?"

"माझ्याकडं पंधरा दिवस न्हाईत," हैबती वस्ताद म्हणाले.

बाळगोंडाला वाटलं, म्हाताऱ्याला जत्रेतल्या कुस्तीच्या मैदानाची घाई झालीय.

वस्तादांनी डोक्याचा पटका सोडला. आत माती जाऊ नये म्हणून तो पट्टीवरून गुंडाळला, आणि पोराला हाताला धरून आखाड्यात, हौद्याच्या लाल मातीत उतरवलं.

या बाळगोंडाचं एक सांगायलाच हवं. अंगानं तो दांडगा होता, आणि तोंडानं त्याहून दांडगा. चाळीस वर्षांत वस्तादांची पाठ त्या मातीला लागली नव्हती, आणि हा गावभर सांगत हिंडे, "म्हाताऱ्याला मीच चीत करणार." तालमीतल्या आरशात त्यानं स्वतःचे दंड जेवढे बघितले, त्याच्या चौथाईनंही कधी वस्तादांकडं बघितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी तो सात वेळा पडला. तो वाऱ्यावर झेप घ्यायचा, वस्ताद बाजूला सरकायचे आणि पायात नुसता पाय घालायचे.

"कुठं हाईसा?" तो ओरडला.

"हात लावल्याबिगर कसं कळंल?"

चौथ्या दिवसापासून झेपा थांबल्या. तो उभा राही, हात पुढं करी, आणि हाताला लागेल तेवढंच धरी. मनगट, कोपर, मान. समोरचं अंग कुठं झुकतंय ते तळव्यांना कळू लागलं.

नवव्या दिवशी सकाळी त्याला वस्तादांचं मनगट सापडलं. पकड अशी बसली की त्याचा अंगठा त्याच्याच बोटांवर चढला.

लहानपणी तालमीत आला तेव्हा याच मनगटाला तो दोन्ही हातांनी लोंबकळत असे.

त्यानं दुसरा हात छातीवर नेला. बरगड्या एकेक करून हाताला लागल्या. आत श्वास घरघरत होता...

बाळगोंडा थबकला. हौद्याभोवतीचे पैलवान गप्प होते. त्यांच्या गप्प बसण्यावरून त्याला कळलं की हे सगळ्यांना ठाऊक आहे. डोळे असताना एकट्या त्यालाच दिसलं नव्हतं.

"कवापासनं, वस्ताद?"

"दिवाळीपासनं."

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"त्यांचं म्हणून झालंय."

बाळगोंडानं मनगट सोडलं.

"सोडलास का? पकड चांगली बसलीवती."

"मला न्हाई खेळायचं."

"गावभर सांगत हिंडलास की, वस्तादाला चीत करीन म्हणून. कर आता."

"चुकलं माझं..."

"न्हाई चुकलं." वस्तादांचा आवाज खाली आला. "चाळीस वर्सं ही पाठ कुणाला दिली न्हाई. माझ्या पोराला द्यायची हाय. तेवढ्यासाठी थांबलोय."

पट्टीखाली बाळगोंडाचे डोळे चुरचुरायला लागले. त्याला भोकाड पसरून रडावंसं वाटत होतं.

"रडू नगंस. पट्टी भिजली तर डॉक्टर मला शिव्या घालतील."



वस्तादांनी वाकून मूठभर माती उचलली. थोडी त्याच्या हातांवर चोळली, थोडी आपल्या. मोठ्या मैदानात देतात तशी त्यांनी सलामी दिली.

बाळगोंडा आत शिरला. त्यानं कमरेला मिठी घातली आणि उचललं. ताकद लावायला काही उरलंच नव्हतं. रिकामी घागर यावी तसं ते अंग वर आलं.

क्षणभर तो तसाच धरून उभा राहिला... मग गुडघ्यांवर बसला. एक हात मानेखाली घातला, दुसरा कमरेखाली, आणि वस्तादांना मातीवर ठेवलं. आधी कंबर, मग पाठ, मग खांदे.

चाळीस वर्षांनी ती पाठ मातीला लागली. टाळी कुणी वाजवली नाही. एकानं उपरण्यात तोंड घातलं.

बाळगोंडा वाकूनच बसला होता. पाठीखालचे हात त्याला काढवत नव्हते.

"एवढं हळू मेलेल्याला ठेवत्यात रं..." खालून वस्ताद म्हणाले.

मग त्याच्याच दंडाला धरून ते कसेबसे उठले. पाठीची माती झटकली नाही. दोन पावलं मागं सरले आणि हात पुढं केले.

"मी अजून हाय. पुन्यांदा ये."