आरवाड्यांचं विमान

"मग बाकीचे दिवस ते काय करतंय?" गौराक्कांनी विचारलं.

"कोण?"

"तुझं विमान. मागच्या महिन्यात एकदा उडवलंस म्हणालास. बाकीचे दिवस?"

बाळगोंडा आरवाडे मांडी बदलून बसला. सांगलीत त्याची हळदीची पेढी, तीही आजोबांपासूनची. भलेभले दलाल त्याच्यापुढे तोलूनमापून बोलत. पण ओढ्याकाठच्या या मठात, पडवीत चिंचा फोडत बसलेल्या म्हातारीसमोर आलं की त्याचं बोलणं अडखळायचं. तरी तो दर सोमवारी यायचा. का यायचा, हे त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"उभं असतंय," तो म्हणाला.

"नुसतं?"

"नुसतं कुठलं, अक्का..."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना.

विमान घेताना त्यानं किंमत विचारली होती, भरपूर घासाघीस केली होती आणि लढाई जिंकल्याच्या थाटात पैसे दिले होते. खर्चाचा विषय तिथं मिटला, असं त्याला वाटलं होतं. मग शेडचं भाडं आलं. विमा आला, तो उडण्याचा होता आणि उभं राहण्याचाही होता. वर्षाची तपासणी आली. तिच्यासाठी पुण्याहून इंजिनिअर आला, त्याची गाडी आली, त्याचा मुक्काम आला. त्यानं विमानाच्या पोटातून बोटभर रबराचा तुकडा काढून दाखवला आणि म्हणाला, हा बदलावा लागेल. तो तुकडा परदेशातून येईपर्यंत सबंध पावसाळा गेला. पेट्रोल साधं चालत नाही, ते पिंपानं मागवायचं. विमानाची तपासणी झाली की मालकाची. डोळे, कान, छाती, रक्त. त्यात पास झालं तरी अमुक इतके तास उडवलेलं दाखवावं लागतं, आणि ते तास उडवायचे म्हटले की हवा खराब, नाहीतर परवानगी अडकलेली, नाहीतर पेढीवर माल आलेला.

अक्का दगडानं चिंचेवर ठोका घालत होत्या. टरफल बाजूला, चिंचोका बाजूला.

"म्हशीलासुद्धा एवढं लागत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हैस दूध देते की, अक्का."

"ते मी म्हणणार होते."

बाळगोंडाला हसू आलं. त्याचा बांध फुटला होता, त्यामुळे तो पुढं बोलतच राहिला.

"आणि गंमत ऐका. वापर नाही म्हणून इंजिन गंजू नये, यासाठी मी दर रविवारी शेडवर जातो. चाकांना ओंडके लावतो, इंजिन सुरू करतो, थोडा वेळ चालू ठेवतो, बंद करतो आणि घरी येतो. घरचे म्हणतात, आमचा रविवार गेला. जाऊ दे, म्हटलं, वस्तू तरी नीट राहील. आता त्या पुण्याच्या इंजिनिअरनं उघडून बघितलं, तर आत गंज. म्हणतो, आरवाडेसाहेब, तुम्ही उभ्या उभ्या चालवता, त्यानंच हा गंज धरलाय."

अक्कांचा दगड वरच राहिला.

"ते कसं काय?"

"उभ्या उभ्या ते पुरतं तापत नाही. आतला ओलावा आतच राहतो. वर गेलं तर नीट तापतं, सगळं कोरडं होतं. तो म्हणाला, उडवा, नाहीतर हातच लावू नका."

"अगदी असंच म्हणाला?"

"असंच."

मग दगड खाली आला.

"शहाणा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा मुक्काम वाया गेला नाही."

बाळगोंडानं रुमालानं मान पुसली. खरं बोलायचं होतं ते अजून पोटातच होतं.

"अक्का, आज संध्याकाळी गिऱ्हाईक यायचंय. तिकडं बेळगावच्या बाजूला विमान शिकवायचा क्लब आहे, त्यांच्या मुख्य बाई येणार आहेत. उडवून बघणार म्हणाल्या, म्हणून परवानगीपण काढून ठेवलीय. पटलं तर घेतील."

"बरं झालं की."

"बरं कसलं? विकलं तर लोक काय म्हणतील? गावात मला आता हळदवाले कुणी म्हणत नाही, विमानवाले म्हणतात. लग्नपत्रिकेत नाव तसं छापतात. उद्या विमान गेलं की चौकात बोलतील, आरवाडे बसले. पेढी बुडाली. ही बातमी बाजारात पसरायला वेळ लागत नाही, अक्का. उधारी देणारे हात आखडतील. ते विमान ठेवणं जमत नाही आणि विकणंही जमत नाही... रात्री वारा सुटला की मी उठून बसतो. शेडवरच्या दस्तगीरला फोन लावतो."

"मग माझ्याकडून काय पाहिजे?"

तो जवळ सरकला. आवाज खाली आला.

"तुम्ही फक्त 'विक' म्हणा. बाकी मी बघतो. अक्कांनी सांगितलं म्हणून विकलं, म्हटल्यावर कुणी चकार शब्द काढणार नाही."

अक्कांनी एक चिंच उचलली, न्याहाळली आणि परत ठेवली.

"म्हणजे आता माझं नावपण त्या विमानाच्या खर्चात घालतोस?"

बाळगोंडाची मान खाली गेली. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही. पकडलं गेल्यावर वाटतं तसं हलकंच वाटलं.

अक्का पदराला हात पुसत उठल्या.

"चल, बघू तरी."

साखर कारखान्यानं कधीकाळी बांधलेली ती धावपट्टी गावाबाहेरच्या माळावर होती. शेड तीन बाजूंनी पत्र्याची, पुढून उघडी. राखणदार दस्तगीरनं विमानावरचं आच्छादन काढलं. पांढरं शुभ्र, चार माणसांचं विमान, आणि अंगावर हळदीच्या रंगाचा पट्टा. तो पट्टा बाळगोंडानं हौसेनं मारून घेतला होता, त्याचा खर्च वेगळा.

अक्का विमानाभोवती सावकाश फिरल्या. एका पंखाखाली थांबल्या. पंखापासून जाड दोर खाली येऊन जमिनीतल्या लोखंडी कडीला बांधला होता. दुसऱ्या पंखाला तसाच. शेपटीला तसाच.

"हे का बांधलंय?"

"वाऱ्यात उडू नये म्हणून," बाळगोंडा म्हणाला.

अक्का त्याच्याकडे बघत राहिल्या.

आपण काय बोललो ते बाळगोंडाला जरा उशिरानं ऐकू आलं.

आधी दस्तगीरला हसू फुटलं. मालक रागावतील म्हणून त्यानं तोंड फिरवलं. मग अक्कांचे खांदे हलायला लागले. शेवटी स्वतः बाळगोंडा एवढा हसला की त्याला पंखाला धरून उभं राहावं लागलं. कितीतरी महिन्यांत त्या शेडमध्ये कुणी हसलं नव्हतं.

"मला आत बसू दे," अक्का म्हणाल्या.

बाळगोंडानं त्यांना हात देऊन मागच्या बाकावर बसवलं. तो पुढं, आपल्या जागी बसला. आत रबराचा आणि उन्हाचा वास होता. समोर सगळे काटे शून्यावर.

"उडायला शिकलास ते कशात?"

"जवळच्याच एका क्लबात, आता बंद पडलाय तो. फार जुनं विमान होतं. माझ्या बाजूची गादी शिवलेली, बसलं की सुतळी टोचायची. दार नीट लागत नव्हतं, कोपरानं दाबून धरायचं." त्याचा आवाज बदलला. "आठवड्यात तीन-तीनदा जायचो, अक्का. पहाटे घरातून निघायचो, उडून परत पेढीवर वेळेत हजर. पहिल्यांदा एकट्याला सोडलं तेव्हा शिकवणारे गुरुजी धावपट्टीच्या कडेला उतरले आणि म्हणाले, जा. मी वर गेलो. खाली नदी, उसाचे पट्टे, माणसं अशी तिळाएवढी... मी मोठ्यानं गात होतो. मला गाता येत नाही."

"ते मला ठाऊक आहे. भजनात बसतोस की."

"पन्नाशीला आलेला माणूस, वर एकटाच रडत होतो."

अक्कांनी विचारलं, "ते विमान रात्री कुठं झोपायचं?"

"कुठलं? क्लबचं?"

"तेच."

"कुणास ठाऊक. मी कधी विचारलंच नाही."

बाळगोंडा समोरच्या शून्यावरच्या काट्यांकडे बघत राहिला. माळावर कुठंतरी टिटवी ओरडली.

तेवढ्यात वळवाचा वारा सुटला. धुळीचा एक लोट माळावरून धावत आला आणि शेडमध्ये शिरला. पत्रे खडखडले. विमान हललं. बाळगोंडाचा हात सवयीनं दाराकडे गेला, दोर बघायला उतरायचं होतं.

मागून अक्कांचा हात त्याच्या खांद्यावर आला.

"बस."

तो बसला. वारा पंखांखाली शिरत होता. विमान एका बाजूनं उचललं गेलं, दोरानं ओढून खाली घेतलं, दुसऱ्या बाजूनं उचललं गेलं. ते वजन बाळगोंडाला मांडीखाली कळत होतं. जमीन सुटायच्या आधी असंच होतं. चाकं टेकलेलीच असतात, पण विमान आता जमिनीचं राहिलेलं नसतं. हे तो विसरला होता. भाडं, विमा, रबराचा तुकडा, सगळं त्याच्या तोंडपाठ होतं, आणि हे विसरला होता. त्याला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर, फार बरंही वाटलं.

वारा आला तसा निघून गेला. माळ पुन्हा स्वच्छ झाला. त्या स्वच्छ माळावरून एक जीप येताना दिसली.

क्लबच्या बाईंचं नाव कॅप्टन कित्तूर. चाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी विमान खालून वरून तपासलं, इंजिनमध्ये बॅटरी मारून बघितली आणि गंज दिसला तशा जीभ टाळ्याला लावून चुकचुकल्या.

"उभ्यानं चालवत होता काय?"

"हो."

"सगळेच करतात. काढता येईल. आमच्याकडं रोज उडेल, पोरं शिकतील यावर." त्यांनी किमतीचा आकडा सांगितला. वाजवी होता. मग रिवाजाप्रमाणे, फार काही मनात न आणता, त्यांनी विचारलं, "का विकताय?"

हाच तो प्रश्न. बाळगोंडानं त्याच्यासाठी उत्तरं तयार ठेवली होती. डॉक्टरांनी डोळ्यांचं काहीतरी काढलंय. पेढीचा व्याप वाढलाय. आणि सगळ्यांत पक्कं, अक्कांनी सांगितलं. दस्तगीर कान देऊन उभा होता. तो जे ऐकेल ते उद्या चौकात जाणार होतं. अक्का मागच्या बाकावर बसून खिडकीतून धावपट्टीकडे बघत होत्या, जणू यांच्याशी आपला काही संबंध नाही.

बाळगोंडानं एकदा पट्ट्यावरून हात फिरवला.

"मला उडायचंय," तो म्हणाला. "म्हणून विकतोय."

दस्तगीर गोंधळला. हे चौकात कसं सांगायचं ते त्याला कळेना.

कॅप्टन कित्तूर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बाळगोंडाकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. "शनिवारी येत जा," त्या म्हणाल्या. "तासाप्रमाणे पैसे घेतो. चहा आमचा."

त्यानं हात पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला. उडवून बघणं, कागदपत्रं पुढं होत राहतील, पण हळदीच्या बाजारात हातात हात दिला की सौदा झाला. तो मोडत नाहीत. आरवाड्यांच्या तीन पिढ्यांत कुणी मोडला नव्हता.

बाळगोंडा मागच्या दाराशी आला. लोक काय म्हणतील ते म्हणतील. आता त्याला भूक लागली होती, आणि घरी जाऊन बायकोबरोबर गरम भाकरी खावी, एवढंच मनात होतं.

"या अक्का, हात द्या. मठात सोडतो."

अक्का उतरल्या नाहीत.

या विमानात बसा म्हणून त्यानं त्यांना किती वेळा आग्रह केला असेल. नवीन घेतलं तेव्हा, पट्टा मारला तेव्हा, त्यांच्या गुरूंच्या पुण्यतिथीला. मठावर वरून फुलं टाकू, म्हणाला होता. दर वेळी अक्का हात जोडून नको म्हणायच्या. भीत असतील, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

आता त्यांनी बाकाचा पट्टा शोधला, उलटसुलट करून बघितला आणि कमरेभोवती घेतला.

"सौदा झाला?"

"झाला."

"शब्द दिलास?"

"दिला, अक्का."

"म्हणजे हे आता तुझं नाही."

"नाही."

अक्कांनी पट्टा खटकन लावला आणि मांडीवर हात ठेवून आरामात मागं टेकल्या.

"मग उडव."