म्हाकूने पळायचे बूट आणले

वरलीवाडी नावाच्या गावात म्हाकू नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "दुधावर लक्ष ठेवा," की हा लक्ष ठेवायचा. दूध वर येताना लक्ष ठेवायचा, उतू जाताना लक्ष ठेवायचा, आणि सगळं उतू गेलं की रिकाम्या पातेल्यावरही लक्ष ठेवून बसायचा. सांगितलेलं मोडायचं नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

देवानं अक्कल देताना हात आखडता घेतला, पण पाय देताना मात्र सैल सोडला. म्हाकू काय पळायचा म्हणता! दावं तोडून सुटलेलं खोंड लोक त्याच्यावरच सोपवायचे. खोंड दमून बसायचं, हा नाही.

त्याच्या बायकोचं नाव द्रौपदा. तिचं माहेर शेजारच्याच खाललीवाडीत. दोन्ही वाड्यांच्या मधल्या माळावर भैरोबाचं देऊळ, आणि जत्रेत दोन्ही वाड्यांची पळायची शर्यत. ओढ्यापासून सुटायचं, माळ तुडवत देवळाशी यायचं, पायऱ्या चढून घंटा वाजवायची. जो आधी वाजवेल त्याला फेटा. हा फेटा दरवर्षी द्रौपदाचा भाऊ बिरू डोक्याला बांधून घ्यायचा.

गेल्या जत्रेत म्हाकू अनवाणी पळाला. बिरूच्याही पुढं होता. तेवढ्यात बाभळीचा काटा पायात मोडला. एक म्हातारा म्हणाला, "अरे, बस खाली. उठू नकोस." म्हाकू बसला. म्हाताऱ्यानं काटा काढला आणि तो जिलेबी खायला निघून गेला, पण "आता ऊठ" म्हणायला विसरला. दिवस मावळताना द्रौपदा शोधत आली तेव्हा म्हाकू उठला.

बिरू सगळ्यांदेखत म्हणाला, "आक्का, पुढच्या वर्षी आपण बसायची शर्यत लावू. दाजी पहिले येतील."

द्रौपदाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तिथंच बोलून बसली, "हे घंटा वाजवत नाहीत तोवर मी माहेरची पायरी चढायची नाही!"

बोलायला काय लागतं! पण पुढं जीव कासावीस व्हायला लागला. तिच्या शेताच्या बांधावरून आईच्या घराचा धूर दिसायचा. धूर दिसायचा, आई दिसायची नाही. वर्ष सरत आलं तेव्हा ती म्हाकूला म्हणाली, "अहो, यंदा काही करून जिंका. मला आईला भेटायचंय हो."

"जिंकतो की," म्हाकू म्हणाला. "फक्त काटा मोडायला नको."

"म्हणूनच तालुक्याला जा आणि पळायचे बूट आणा. बिरू सांगायचा, पायाखाली मऊ पाहिजे, नाहीतर माळावर टाचा फुटतात. अंगठ्यानं दाबून बघा. दबलं पाहिजे आणि परत वर आलं पाहिजे."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

म्हाकू तालुक्याला गेला. फुलचंदशेठच्या दुकानात शिरला आणि बूट दाबायला लागला. टाचेला दाबलं, टोकाला दाबलं, वर दाबलं. कुठला दबला तर वर येईना, कुठला दबायलाच तयार नाही. दाबत दाबत तो गल्ल्यापाशी आला. तिथं शेठ बसले होते. त्यांचं पोट पुढं आलं होतं. म्हाकूनं अंगठा टेकवला आणि दाबलं. दबलं. सोडलं. वर आलं.

"हे द्या," म्हाकू म्हणाला.

शेठनी त्याला दुकानाबाहेर काढलं. शेजारी बेकरी होती. भट्टीतून नुकताच काढलेला पाव फळीवर वाफाळत होता. म्हाकूनं दाबून बघितला. काय सांगू तुम्हाला, असा दबला आणि असा वर आला!

"माझ्या पायाला होतील असे दोन द्या," तो बेकरीवाल्याला म्हणाला.

सुतळीनं पाव तळपायांना बांधून म्हाकू घराकडं निघाला. वेशीवरच्या कुत्र्यांना वास लागला. मग पुढं म्हाकू आणि मागं सगळी कुत्री. दारात पोचला तेव्हा पायाला नुसती सुतळी उरली होती.

द्रौपदानं कपाळाला हात लावला. "अहो, नुसतं मऊ घेऊन काय करायचं? पाय जागेवर घट्ट बसायला पाहिजे. डुगडुगला की घोटा मुरगळतो. जमिनीवर ठेवा, हातानं धक्का द्या. हललं नाही तर घ्या."

"हे आधी सांगायचंस. बरं, आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या बाजाराला म्हाकू परत निघाला. वाटेत एक म्हैस रवंथ करत बसली होती. म्हाकूनं तिला धक्का दिला. हलली नाही. आणखी जोरात दिला. तिनं मान वळवून बघितलं, पण हलली नाही. म्हाकूला ती फार पसंत पडली. पण म्हैस एकच होती, आणि बूट दोन लागतात.

तो फुलचंदशेठच्या दुकानात गेला. शेठनी पोटावर उशी धरली. म्हाकूनं यावेळी पोटाकडं बघितलंसुद्धा नाही. एकेक बूट जमिनीवर मांडला आणि धक्का दिला. पहिला बूट घसरत दारापर्यंत गेला. दुसरा रस्त्यावर. तिसरा पलीकडच्या चहावाल्याच्या पातेल्यात.

"शेठ, तुमचा एकही बूट जागेवर राहत नाही," म्हाकू म्हणाला. "असला माल कशाला ठेवता?"

शेठनी त्याला पुन्हा बाहेर काढलं. बाजाराच्या टोकाला एक पाथरवट दगडी उखळी मांडून बसला होता. म्हाकूनं एका उखळीला धक्का दिला. हाताला कळ आली, उखळी जागची हलली नाही. आत पाय घालून बघितला. अगदी मापाचा!

"याची जोडी आहे का?"

"आहे की," पाथरवट म्हणाला. "घरी पाहुणेरावळे पुष्कळ दिसतात."

जोडी गाडीत घालून घरी आली. म्हाकूनं ती अंगणात मांडली, दोन्ही पाय आत घातले आणि ताठ उभा राहिला.

"पळा बघू," द्रौपदा म्हणाली.

"पळत नाही. पण डुगडुगत तरी आहे का सांग!"

पाय बाहेर निघेनात. द्रौपदानं तेल ओतलं, शेजारणी खांद्याला धरून ओढायला आल्या. निघाला एकदाचा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि द्रौपदाला मात्र रडू कोसळलं होतं. जत्रा तोंडावर आली होती.

"हे बघा," ती डोळे पुसत म्हणाली. "बूट बुटांच्याच दुकानातून आणायचे. बेकरीत जायचं नाही, पाथरवटाकडं जायचं नाही. मऊ बघा, घट्ट बघा, आणि टिकाऊ बघा. टिकाऊ आहे का नाही ते हातात धरून कळत नाही. पायात घालून लांबवर पळून बघावं लागतं. कळलं?"

"कळलं. आता ध्यानात ठेवतो."

म्हाकू तिसऱ्यांदा दुकानात आला. शेठ गल्ल्यामागं जाऊन उभे राहिले. पण यावेळी म्हाकू शहाण्यासारखा वागला. त्यानं बुटांची एक निळी जोडी उचलली. तळ दाबून बघितला, मऊ होता. दोन्ही पायांत घातली, नाड्या आवळल्या, पाय डुगडुगला नाही. शेठच्या जिवात जीव आला.

"कसे वाटतात?" त्यांनी विचारलं.

"चांगले आहेत. आता टिकाऊ आहेत का बघतो," म्हाकू म्हणाला, आणि दारातून जो सुसाट सुटला तो दिसेनासा झाला.

"चोर! चोर!" शेठ ओरडले. अर्धा बाजार मागं लागला. म्हाकूला बरं वाटलं. त्याला वाटलं, एवढ्या सगळ्यांना आज बूट घ्यायचे आहेत. तालुका मागं पडला, बाजार मागं पडला, म्हाकू घाट चढून पलीकडच्या गावात गेला, तिथल्या आडावर पाणी प्यायला आणि परत आला. वाटेत दमून बसलेली माणसं भेटत होती. त्या सगळ्यांना तो सांगत आला, "तुमचे टिकाऊ नाहीत वाटतं."

शेठ दुकान बंद करत होते. समोर चोर बघून त्यांचं कुलूप हातातून पडलं.

"टिकाऊ आहेत," म्हाकू म्हणाला. "बांधून द्या."

शेठनी पैसे घेतले आणि हात जोडले. "बाबा रे, चोर समजलो तुला. आता खरे चोर जत्रेत असतात, तेवढं सांभाळ. देवळाबाहेर बूट काढलेस की तिथून हलू नकोस. नजर फिरली की बूट गेले म्हणून समज."

"बरं. आता ध्यानात ठेवतो."

जत्रेचा दिवस उजाडला. ओढ्यावर दोन्ही वाड्यांचे गडी ओळीनं उभे राहिले. द्रौपदानं स्वतः वाकून म्हाकूच्या नाड्या बांधल्या.

"बिरूच्या आधी देवळाशी पोचायचं," ती म्हणाली. "कुणी बस म्हटलं तरी बसायचं नाही."

"नाही बसत."

ढोल वाजला. म्हाकू सुटला! काटे बुटाखाली चिरडले, खडे उडाले, बिरू मागं पडला, मग बारीक दिसायला लागला, मग दिसेनासा झाला. वाटेत एक म्हातारा "बस जरा, दम खा" म्हणाला. म्हाकू बसला नाही. जिलेबीवाले उभे राहून बघत होते. असा पळणारा माणूस त्या माळानं बघितला नव्हता.

मागून गर्दीबरोबर चालणाऱ्या द्रौपदानं नवऱ्याला एकट्यालाच देवळाकडं वळताना पाहिलं आणि तिला हुंदकाच आला. थोड्या वेळानं घंटेचा आवाज माळावर घुमला.

"वाजवली! आमच्या ह्यांनी वाजवली!" तिनं ओटीत बांधून आणलेलं गूळखोबरं सोडलं आणि दिसेल त्या बाईच्या हातावर ठेवत सुटली. "आज मी आईकडं जाणार! आजच जाणार!"

नाचत नाचत ती देवळापाशी आली. बघते तर म्हाकू खालच्या पायरीजवळ मांडी घालून बसलेला. त्याच्यापुढं वहाणांचा हा ढीग.

"अहो, फेटा कुठाय?"

"बिरूकडं."

"बिरूकडं कसा? पहिलं कोण आलं?"

"मीच आलो," म्हाकू म्हणाला. "आलो, बूट काढले. देवळात बूट घालून कसं जाणार? मग एक पायरी चढलो आणि शेठचं आठवलं. तिथून हलू नकोस म्हणाले होते. आलो खाली. मग बिरू आला. म्हणाला, दाजी, घंटा वाजवली का? मी म्हटलं, नाही, बूट राखतोय. मग त्यानं माझ्याकडं बघितलं, घंटेकडं बघितलं आणि म्हणाला, मग माझ्याही बुटांवर जरा नजर ठेवा. मी म्हटलं, जा तू बिनघोर."

"अहो!"

"मग बाकीचे आले. सगळ्यांचेच ठेवून घेतले. एकाची वहाण इकडची तिकडं झाली नाही बघ."

द्रौपदा मटकन खाली बसली. ओटी रिकामी झाली होती, गूळखोबरं सगळं वाटून झालं होतं. मग जी रडायला लागली ती थांबेचना. "आता आणखी एक वर्ष! आणखी एक वर्ष मी आईला भेटायची नाही!"

"कोण म्हणतं?" मागून आवाज आला. देवदर्शन आटोपून तिची आईच पायऱ्या उतरत होती. म्हातारीनं आपल्या वहाणाही जावयाकडंच ठेवलेल्या. "काय बोलली होतीस गं गेल्या वर्षी? नीट सांग."

"माहेरची पायरी चढायची नाही."

"मग नको चढूस. परसातल्या दारानं ये. तिथं कुठं पायरी आहे?"

द्रौपदा बघतच राहिली. मग रडता रडता हसली, हसता हसता आईच्या गळ्यात पडली. वर फेटा बांधून बिरू उभा होता, त्याचीही मान खाली गेली. "चल आक्का," तो म्हणाला. "दाजी, तुम्हीही चला. खरा फेटा तुमचाच होता."

दिवस कलेपर्यंत एकेक करून सगळे आपापल्या वहाणा घेऊन गेले. म्हाकूनं प्रत्येकाची जोडी बरोबर हातात दिली. बिरूनं आपले बूट घातले. ढीग संपला.

"उठा आता," द्रौपदा डोळे पुसत म्हणाली. "बूट घाला. आईकडं जेवायला जायचंय."

म्हाकू उठला. अनवाणी.

"तुमचे बूट कुठायत?"

"एक लाल पटक्याचा माणूस आला होता," म्हाकू म्हणाला. "फार चौकस माणूस. त्यालाही असेच घ्यायचे आहेत म्हणाला. मी म्हटलं, दाबून बघा. त्यानं बघितलं, मऊ आहेत म्हणाला. मी म्हटलं, घालून बघा. त्यानं घातले, डुगडुगत नाहीत म्हणाला. मग विचारलं, टिकाऊ आहेत का हो? मी म्हटलं, ते असं कळत नाही."

द्रौपदानं डोळे मिटले. "मग?"

"मग काय? गेलाय पळून बघायला. मी जागचा हललो नाही, नजरही काढली नाही, पार घाटापर्यंत दिसत होता." म्हाकूनं कपाळावर हात धरून लांबवर बघितलं आणि समाधानानं मान डोलावली. "पण टिकाऊ निघाले हं! दुपारी गेलाय, अजून पळतोय."