सावरगव्हाणच्या माळावरचा राखण्या

सावरगव्हाणच्या उत्तरेला दोन कोस लांबीचा माळ आहे. नुसते कुसळी गवत. झाड नाही, विहीर नाही, कधी नांगर लागलेला नाही. दिवसभर वाऱ्याखेरीज आवाज नाही. पक्षी पाहायला पाहुणे आले, की म्हाकूआबा मेंढकर त्यांना बांधावर बसवून या माळाची हकिगत सांगतात.

फार पूर्वी इथे संस्थानाचे राज्य होते. माळढोक पक्षी कमी होत चालले, तेव्हा सरकारने हा माळ राखीव केला आणि लांबच्या मुलखातला एक माणूस राखणीला ठेवला. त्याला दरबारातून महिन्याचा शिधा येई. पण त्याच्यामुळे गुरांचे चरणे बंद झाले, म्हणून गावाने त्याच्याशी बोलणे टाकले. तो पाणवठ्यावर आला, की बायका अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून निघून जात. सात वर्षे तो असा राहिला. पाखरांशीच बोलायचा म्हणे.

मग दुष्काळ पडला. मृगाच्या दोन सरी शिंपडून पाऊस गेला तो गेलाच. शिधाही येईना. अवघ्या शिवारात गवत उरले ते या माळावर, आणि तिथेच उघड्या जमिनीवर एक माळढोक मादी एकुलते अंडे उबवीत बसली होती.

एका सकाळी ठकूबाई नावाची करारी बाई गावची सगळी गुरे घेऊन बांधावर आली. राखण्या आडवा झाला.

"वीस दिवस थांबा, बाई. पिल्लू चालतं होऊ द्या."

"थांबते की. पण वीस दिवस गुरांपुढं काय टाकू? तुझा हुकूम टाकू?"

राखण्याने गुरांच्या वर आलेल्या बरगड्यांकडे पाहिले. मग म्हणाला, "चार दिवस तरी द्या."

"दिले. पाचव्या दिवशी गुरं सोडीन."

तो तसाच उपाशीपोटी दरबारी चालत गेला. महाराजांनी विचारले, "शिधा थकला म्हणून आलास?"

"नाही सरकार. गावच्या गुरांना वैरण द्या. त्यांचं पोट भरल्याबिगर माळ राहायचा नाही."

चौथ्या दिवशी संस्थानाच्या गंजींमधल्या वैरणीच्या चाळीस गाड्या गावात आल्या. राखण्या कुठल्याच गाडीत नव्हता. पाखरू एकटं आहे म्हणत तो केव्हाच पुढे निघाला होता, असे गाडीवानांनी सांगितले. ठकूबाई भाकरी घेऊन माळावर गेली. तो बांधाला टेकून, मादीकडे तोंड करून बसला होता. अंगात प्राण नव्हता. मादी अंड्यावरून हललेली नव्हती.

निरोप कुणाच्या घरी धाडायचा, असे लोक एकमेकांना विचारू लागले. तेव्हा ध्यानात आले, की सात वर्षांत त्याचे नाव, गाव कुणी विचारलेच नव्हते. गाडीवानही त्याला राखण्याच म्हणत. शेवटी ठकूबाईनेच त्याला अग्नी दिला, असे सांगतात. त्यानंतर गावाची गुरे या माळावर चढली नाहीत.

आजही वनखात्याचा नवा रखवालदार इथे रुजू झाला, की ठकूबाईच्या घरातली बाई भाकरी घेऊन त्याच्याकडे जाते. आधी त्याचे नाव विचारते, मग गाव, मग घरी कोण कोण आहे ते. सगळे ऐकून झाल्यावरच ती भाकरीचे फडके सोडते.