तेवीस वर्षांचा होकार

आंबेघर संस्थानाची उघडझाप टपाची जुनी आलिशान मोटार तेवीस वर्षं मोटारखान्यात दुरुस्तीविना उभी होती. दस्तगीर मिस्त्री दर दसऱ्याला विचारायचे, "सरकार, काम सुरू करू?" रणधीरराजे दरवेळी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू."

एकदा जुन्या गाड्यांचे शौकीन पाहुणे आले. गंजलेले मडगार्ड आणि फाटलेला टप पाहून ते हळहळले. राजांनी चटकन मिस्त्रींकडे बोट दाखवलं. "सगळी दिरंगाई याची! सांग रे, किती वेळ लागतो एवढ्या कामाला?"

मिस्त्री अदबीनं म्हणाले, "गाडीला सहा महिने पुरतात, सरकार. तुमच्या होकाराला किती लागतात, ते तेवीस वर्षांत कळलं नाही."

पाहुणे हसले. राजांचा चेहरा पडला. "दिला होकार! आजच सुरू कर," म्हणत त्यांनी फळीवरचा पाना मिस्त्रींच्या हातात ठेवला.

पाना मिस्त्रींच्या बोटांतून निसटून फरशीवर पडला.

"आता हे हात ऐकत नाहीत, सरकार," ते हळूच म्हणाले.

पाहुण्यांचं हसू थांबलं. राजांनी वाकून पाना उचलला, पण तो कुणाला द्यावा हे त्यांना कळेना.