पायरी नसलेलं पाणी

फार वर्षं झाली या गोष्टीला. समुद्राकाठच्या वेलदुरा गावाला तेव्हा होड्यांचा धक्का नव्हता, पण तळं होतं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांचं. त्या तळ्यात विसूतात्या पोहायला शिकवायचे. छातीवर पेटती समई ठेवून ते या काठापासून त्या काठापर्यंत उताणे जायचे आणि ज्योत हलायचीसुद्धा नाही, असं म्हणतात. शिकवण्यात त्यांचा एकच नियम होता. दम लागला की सरळ पायरी गाठायची. तळ्यात ती कुठूनही जवळच असायची.

गावात मथुरा नावाची बाई होती. तिचा नवरा समुद्रानं नेला होता आणि पोट मात्र समुद्राच्याच कडेला शिंपल्या वेचून भरायचं होतं. म्हणून तिनं एकुलत्या एक लेकीला, अनशीला, तात्यांकडे धाडलं. मुलगी पोहायला शिकते म्हणून लोकांनी नाकं मुरडली, पण पोर बघता बघता तात्यांच्याही पुढे गेली. तेव्हा मथुरेनं विचारलं, "तात्यानू, आता दर्यात उतरली तर चालंल ना?"

तात्या स्वतः कधी समुद्रात उतरले नव्हते. तेवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण शिष्येचा अभिमान आडवा आला आणि ते म्हणाले, "पाणी ते पाणी. निर्धास्त राहा."

अनशी उतरली. खाऱ्या पाण्यानं तिला तळ्यापेक्षा अलगद उचललं, तेव्हा ती हसली, असं म्हणतात. मग लाटांचं परतणारं पाणी एका धारेनं तिला आत ओढू लागलं. दम लागला तशी ती शिकवल्याप्रमाणे सरळ किनाऱ्याकडे वळली आणि त्या धारेशी झुंजत राहिली. तात्यांचा नियम तिनं शेवटपर्यंत मोडला नाही.

मासेमारी करणारा धाकू खारवी होडी घेऊन पोचला तेव्हा उशीर झाला होता. तो तात्यांना म्हणाला, "दर्या वडायला लागला की त्याच्याशी भांडायचा नाय. काठाकाठानं आडवा जायचा, धार सुटली की मग भायेर यायचा. माला इचारलं असतंत तर सांगितलं असतं."

धाकूचं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. ही गोष्ट सांगताना मला याचंच अजून वाईट वाटतं.

पुढे साठीला आलेले तात्या धाकूकडे समुद्र शिकले. रोज त्याच धारेत उतरायचे. बुडणारी कितीतरी माणसं त्यांनी जिवंत बाहेर काढली, आणि अंगात इतकं मीठ मुरलं की ते तळ्यात उतरले की तळं खारट व्हायचं, असं म्हणतात. म्हणून त्यांनी तळंही सोडलं. मथुरा त्यांच्याशी पुन्हा कधी बोलली नाही.

आजही वेलदुऱ्यात पोर तळ्यात तयार झालं की शिकवणारा त्याला आणि त्याच्या आईला समुद्रावर नेतो. हात जोडून आईला सांगतो, "मी तळ्यात शिकवलं. समुद्र मला येत नाही." त्याला समुद्र येत असला तरी तात्यांच्या नावानं हे म्हणावंच लागतं. मग पोर खारव्यांच्या हाती सोपवतात.

आई म्हणते, "बरं झालं, सांगितलंत." मथुरेला हे कधी म्हणायला मिळालं नाही.