तंबूवाल्याचा जाणकार जावई

एका गावात एक भोळा गडी होता. नाव म्हसू. सांगाल तेवढंच करायचा. त्याच्या पुढं नाही, मागं नाही.

शेजारच्या गावात तात्या खंडागळे राहायचे. जत्रेजत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवायचा, हा त्यांचा धंदा. एकुलती एक लेक, द्रौपदा. तिनं बापाला सांगून टाकलं, "लग्न करीन तर म्हसूशी. आपल्या तंबूत पान खाऊन न थुंकणारा तेवढा एकच बघितलाय मी."

तात्या म्हणाले, "हरकत नाही. पण उद्या तंबू जावयाच्याच हातात जाणार. कुठला सिनेमा भिकार, कुठला चालणार, ही पारख जमली तरच अक्षता."

म्हसूला तंबूत बसवला. "नीट बघ, आणि काय दिसलं ते सांग."

खेळ सुटला.

"काय दिसलं?"

"फेटा."

"सिनेमात फेटा कुठं होता?"

"माझ्या पुढं बसलेल्या पाटलांचा. शेवटपर्यंत हलला नाही."

"आरं, माणसांकडं काय बघतोस? पडद्याकडं बघ."

दुसऱ्या दिवशी म्हसूनं पडद्याकडं बघितलं. "पडदा मळलाय तात्या. डाव्या कोपऱ्यात ठिगळ आहे. टाके मात्र बारीक आहेत."

टाके द्रौपदानं घातले होते, म्हणून तात्यांनी तेवढं सोडून दिलं. मग म्हणाले, "हे बघ, हा सिनेमा भिकार होता. असलं काही दिसलं की तोंडावर सांगायचं. ह्याला ना शेंडा ना बुडखा, तोंड बघवत नाही, परत आणू नका. मग लोक म्हणतात, गडी जाणकार आहे."

म्हसूनं वाटेनं पाठ केलं.

दोन दिवसांनी तात्यांच्या पुतण्याच्या पोराचं बारसं होतं. पोर टकलं, लालबुंद, आणि कोकलत होतं. म्हसूनं पाळण्यात डोकावलं. नीट बघितलं. म्हणाला, "ह्याला ना शेंडा ना बुडखा. तोंड बघवत नाही. परत आणू नका."

बायकांनी घुगऱ्या फेकून मारल्या.

तात्यांनी त्याला बाहेर ओढलं. "घरच्या कार्यात असं बोलतात व्हय? तिथं म्हणायचं, फार छान झालं, सगळ्यांच्या घरी असंच होवो."

"बरं."

पुढच्याच आठवड्यात तात्यांचे चुलते वारले. ओसरीवर सगळे मान खाली घालून बसलेले. म्हसू मधोमध उभा राहिला, हात जोडले. "फार छान झालं. सगळ्यांच्या घरी असंच होवो."

ओसरीवर साठीच्या पुढचे अकरा जण होते. अकराही जणांनी वर बघितलं.

तात्या म्हणाले, "बाबा, मयताच्या ठिकाणी बोलायचंच नाही. कामाला लागायचं. बांबू आणायचे, तिरडी बांधायची."

मग जत्रा आली. तात्यांनी असा सिनेमा आणला की तालुक्यात त्यावरून भांडणं चालली होती. अर्धे म्हणत बंद करा, अर्धे म्हणत बघू द्या. दोघांपैकी कुणीच तो बघितला नव्हता. त्यामुळं तंबू खच्चून भरला. सिनेमात नुसतं रक्त. मध्यावर पोटचा पोरगाच म्हाताऱ्या आईला कोयत्यानं मारतो. बायकांनी पदर डोळ्यांवर घेतले. बाप्ये आ वासून बसले.

म्हसूनं इकडं तिकडं बघितलं. म्हातारी पडलीय, आणि एक माणूस कामाला लागेना. तो गुपचूप उठला. तंबूचे बांबू जवळच होते. पहिला निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याला तंबूच खाली आला.

कापडाखालून चारशे लोक रांगत बाहेर आले. म्हणाले, इतका अंगावर येणारा सिनेमा आजवर बघितला नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी झाली. नाहीतर तात्यांनी सोयरीक तिथंच मोडली असती.

त्यांनी म्हसूचे दोन्ही हात धरले. "शेवटचं सांगतो. पडदा दिसला म्हणजे पुढचं सगळं खोटं. कुणी रडो, कुणी मरो, जागचं हलायचं नाही. पडदा काढला की खेळ संपला. मग मागं न बघता सरळ घरी जायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

द्रौपदा म्हणाली, "तात्या, आता तारीख धरा. ह्यांच्या डोक्यात आणखी काही घालू नका."

मांडव घातला. म्हसू पाटावर उभा राहिला. भटजींनी नवरानवरीच्या मध्ये अंतरपाट धरला. पांढराशुभ्र, कोरा. म्हसू ताठ झाला. मंगलाष्टकं सुरू झाली. आत्या रडली, मावशी हुंदके द्यायला लागली. म्हसू जागचा हलला नाही. तात्या व्याह्यांना म्हणाले, "बघा, कसा समजूतदारासारखा उभाय."

शेवटचं सावधान झालं. अंतरपाट निघाला. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. समोर द्रौपदा. डोळ्यांत पाणी, हातात हार.

म्हसू पाटावरून उतरला. चपला शोधल्या. आणि मागं न बघता चालू लागला.

तात्या धोतर सावरत धावले. वेशीपाशी गाठलं. "आरं, निघालास कुठं? आणि नवरी?"

म्हसूनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हा सिनेमा आणा तात्या," तो म्हणाला. "लई चालंल. ती पोरगी रडली ना, मला तर घटकाभर खरंच वाटलं."